गोदावरीतून वाहणाऱ्या डीएपीच्या गोण्या



पावसाळा सरत आला की आपल्या कार्यक्षेत्रात पारावर, दूध डेअरीवर आणि कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एकच हिशेब चालतो. नाथसागर किती टक्के झाला, मुळा किती, भंडारदरा किती, आणि वरून पाणी सोडावे लागणार की नाही. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. १९ सप्टेंबर २०१४ च्या प्राधिकरणाच्या आदेशाने १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून वरच्या धरणांनी किती पाणी सोडायचे त्याचे कोष्टक आले. तेव्हापासून तर आपल्याकडे शाळेतले पोरही टीएमसी म्हणजे काय ते सांगते.

आपल्या तालुक्याची गंमत अशी की आपण या भांडणात दोन्ही बाजूंना आहोत. मुळा उजव्या कालव्यावरचा सभासद म्हणतो, पाणी सोडू नका. प्रवरासंगम-टोक्याकडचा, फुगवट्यावर मोटार बसवलेला सभासद म्हणतो, येऊ द्या. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, आणि त्या वादात पडण्याचे आमच्या शेतकी खात्याला काही कारण नाही. पण एक गोष्ट आम्हाला फार दिवस खटकते. इतका कायदा झाला, इतकी कोर्टबाजी झाली, मोर्चे निघाले, ते सगळे पाणी किती यावर. त्या पाण्यातून काय येते, हे विचारायला फारसे कुणी उठले नाही.

फुगवट्यावरून उपसा करणारे सभासद मात्र ते रोज बघतात. उन्हाळ्याच्या तोंडाला पाण्यावर हिरवी साय धरते. फूटव्हॉल्व्हला शेवाळाचा लगदा बसतो. ठिबकचा सँड फिल्टर, जो आठवड्याला धुतला तरी पुरे, तो रोज उलटा धुवावा लागतो. आम्ही गटात गेलो की तक्रार येते ती कंपनीच्या नळीबद्दल, ड्रिपर लवकर बंद पडतात म्हणून. नळी चांगली-वाईट असेलही. पण बहुतेक ठिकाणी ड्रिपर फोडून पाहिला तर आत बुळबुळीत थर सापडतो. म्हणजे दोष नळीत कमी आणि पाण्यात जास्त. आम्लप्रक्रिया, क्लोरीनप्रक्रिया यांचा खर्च आपण करतो, शेवाळ पोसणारा दुसराच असतो.

हे शेवाळ पोसते कोण, हे या लेखात जरा सविस्तर सांगायचे आहे.

आधी नाथसागर म्हणजे काय ते आठवू. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या वर. पाणपसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्याच्या मानाने हा जलाशय उथळ आहे. उथळ पाणी लवकर तापते, त्याच्या तळापर्यंत ऊन पोचते आणि वाऱ्याने तळचा गाळ ढवळला जातो. म्हणजे शेवाळाच्या दृष्टीने उत्तम काळी जमीन. फक्त खत मिळायला हवे.

खत येते दोन वाटांनी. एक गोदावरीची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, निफाडकडचे नांदूर मधमेश्वर, कोपरगाव, पुणतांबा, मग आपल्या सीमेवरून प्रवरासंगम. दुसरी वाट प्रवरेची. अकोले, संगमनेर, कोल्हार, बेलापूर, आणि मग आपले नेवासे. त्यात मुळा येऊन मिळते. ज्या प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच प्रवरेत आज काठच्या गावांची गटारे उतरतात. पण आकार बघितला तर या वाटेवरचे एकही गाव नाशिकच्या जवळपास जात नाही, म्हणून हिशेब नाशिकचाच धरू.

जमिनीतले एक सूत्र आपण सगळे जाणतो. पिकाला सगळी अन्नद्रव्ये मिळाली आणि एकच कमी पडले, तर उत्पादन त्या एकावरच अडते. पिंपाच्या एका फळीची उंची कमी असेल तर पाणी तिथपर्यंतच राहते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. तलावातही हेच. शेवाळाला कार्बन हवेतून मिळतो. नत्र नसेल तर निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती तो हवेतून ओढून घेतात, जसे आपण उसाला ॲसेटोबॅक्टर देतो तो घेतो. पण स्फुरद हवेत नाही. ते पाण्याबरोबर यावे लागते. म्हणून गोड्या पाण्याच्या तलावात बहुतेक वेळा अडणारी फळी असते ती स्फुरदाची.

याचा पुरावा १९७३ साली कॅनडात मिळाला. ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला जंगलात संशोधनासाठी काही लहान तलाव राखून ठेवले आहेत. त्यातला २२६ नंबरचा तलाव मध्ये कंबरेसारखा अरुंद होता. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कंबरेत प्लॅस्टिकचा पडदा लावून तलावाचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र टाकले. कार्बन म्हणून काय टाकले, तर चक्क साखर! साखर कारखान्याच्या सभासदांना हे ऐकून गंमत वाटेल. एका भागात मात्र त्याबरोबर स्फुरदही टाकले. साखर आणि नत्र मिळालेला भाग जसाच्या तसा राहिला. स्फुरद मिळालेला भाग हिरवागार झाला. आकाशातून काढलेला त्याचा फोटो जगभर गाजला, आणि पुढची धोरणे ठरवताना त्या एका फोटोचा फार उपयोग झाला.

आता आपला हिशेब. माणूस रोज जे खातो त्यातले स्फुरद त्याच्या शरीरातून बाहेर पडते. सरासरी धरली तर माणशी रोज एक ग्रॅमच्या आसपास शुद्ध फॉस्फरस. धुण्याच्या पावडरीतला वेगळा, तो आम्ही धरलाच नाही. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. आज ती नक्कीच जास्त आहे, पण जुनाच आकडा धरू म्हणजे कुणी फुगवल्याचा आरोप करणार नाही. १४ लाख ८६ हजार ग्रॅम म्हणजे दिवसाला जवळजवळ १,४८६ किलो.

डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत ४६ टक्के स्फुरद असते, म्हणजे २३ किलो. हा आकडा खताच्या भाषेतला, ऑक्साइडच्या रूपातला. त्याचा शुद्ध फॉस्फरस काढला तर तो होतो १० किलो. म्हणजे नाशिकच्या सांडपाण्यात रोज सुमारे १४८ गोण्या डीएपीएवढे स्फुरद असते. वर्षाला ५४ हजार गोण्या. खताच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

हे सगळे नाथसागरात पोचते असे आमचे म्हणणे नाही. काही प्रक्रिया केंद्राच्या गाळात जाते, काही नांदूर मधमेश्वरहून गोदावरीच्या कालव्यांत शिरून निफाड-कोपरगावच्या शेतात जाते, काही नदीच्या तळाशी बसते, काही जलपर्णी खाते. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यात जलपर्णीचा जो गालिचा पसरतो तो याच खतावर. जानेवारी २०२० मध्ये हे ठिकाण रामसर यादीत गेले, महाराष्ट्रातले पहिले. पक्षी बघायला लोक लांबून येतात, आणि पक्ष्यांच्या आधी नजरेत भरते ती जलपर्णी.

पण किती पोचले तर बिघडते, हेही बघा. तलावाच्या एक लिटर पाण्यात ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस झाला की शेवाळाचा धोका सुरू होतो असे साधारण मानतात. नाथसागर काठोकाठ भरला असला तरी त्या सगळ्या पाण्याला या पातळीवर आणायला लागतो फक्त ८७ टन फॉस्फरस. नाशिकचा वर्षाचा निघतो ५४२ टन. म्हणजे सहावा हिस्सा पोचला तरी पुरे. हा कागदावरचा हिशेब आहे, पुराच्या पाण्यात किती वाहून जाते ते यात नाही. तरी अंदाज यायला हरकत नाही. आणि एक किलो फॉस्फरसवर साधारण पाचशे किलो ओले शेवाळ उभे राहू शकते. ऊस तरी एवढा उतारा देतो का!

इथे कुणीही विचारेल, नाशिकला प्रक्रिया केंद्रे आहेत की. तपोवन, चेहेडी, पंचक, आगरटाकळी. कोट्यवधी रुपये खर्च झाले. मग?

मग असे की, आपल्याकडची बहुतेक प्रक्रिया केंद्रे बांधली जातात ती बीओडी कमी करायला. बीओडी म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचे माप. ती घाण जिवाणूंकडून खाववली की पाण्याचा वास जातो, रंग निवळतो, मासे जगतात. हे काम चांगलेच आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण घाण कुजली म्हणजे तिच्यातले खत नाहीसे झाले असे नाही. उकिरडा कुजून शेणखत होते तेव्हा वास जातो आणि खत उरते, तसेच. साध्या प्रक्रियेनंतर निवळशंख दिसणाऱ्या पाण्यातही बराचसा फॉस्फरस विरघळलेला राहतो, आणि तो शेवाळाला लगेच पचणारा असतो. आपल्याकडच्या शहरी सांडपाण्यात तो लिटरला साधारण ५ ते १० मिलिग्रॅम असतो. सहा मिलिग्रॅम धरा. ते एक लिटर पाणी दोनशे लिटर स्वच्छ पाण्याला ०.०३ वर नेऊन ठेवते.

फॉस्फरस काढता येतो का? येतो, आणि कसा ते आपल्या सभासदांना सांगायला सोपे आहे. गाळपाच्या दिवसांत कारखान्यात फिरून बघितले असेल, तर रस स्वच्छ करताना त्यात चुन्याची निवळी सोडतात. रसात फॉस्फेट कमी असेल तर फॉस्फोरिक आम्ल घालतात. चुना आणि फॉस्फेट एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका तयार होतो, आणि खाली बसताना तो रसातली माती, मेण, रंग सगळे घेऊन बसतो. क्लॅरिफायरमधून वरचा स्वच्छ रस पुढे जातो, खालचा गाळ फिल्टरवर जाऊन प्रेसमड होतो. प्रेसमडमध्ये स्फुरद असते ते यामुळे, आणि म्हणूनच आम्ही ते रानात घाला म्हणून मागे लागतो.

सांडपाण्यातही हाच डाव उलटा खेळायचा. इथे फॉस्फेट आधीच आहे. त्यात चुना, तुरटीचे द्रावण किंवा फेरिक क्लोराइड घातले की फॉस्फेट साक्यात जाऊन बसते. दुसरी रीत जिवाणूंची आहे. पाणी आधी प्राणवायूशिवाय आणि मग प्राणवायूत ठेवले की काही जिवाणू गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट पोटात भरून घेतात, आणि त्यांचा गाळ काढून टाकला की फॉस्फेटही निघते. दोन्ही रीती जगात गेली पन्नास वर्षे चालू आहेत. रसायनाचा खर्च आहे, गाळ वाढतो, चालवणारा माणूस जागा लागतो. पण अशक्य असे त्यात काही नाही. जे काम आपला कारखाना रोज हजारो टन रसावर करतो ते महानगरपालिकेला पाण्यावर करता येऊ नये?

शहराने मनावर घेतले की तलाव सुधारतो, याचे सगळ्यात स्पष्ट उदाहरण अमेरिकेतल्या सिॲटलचे. वॉशिंग्टन नावाचा मोठा तलाव शहराला लागून आहे. १९४० नंतर त्याच्या काठची उपनगरे वाढली, आणि त्यांच्या प्रक्रिया केंद्रांचे पाणी तलावात जाऊ लागले. लक्षात घ्या, प्रक्रिया केलेले पाणी. तरी १९५५ साली तिथे निळ्या-हिरव्या शेवाळाची एक बदनाम जात सापडली आणि वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडमंडसन यांनी पुढे काय होणार ते सांगून टाकले. १९५८ साली लोकांपुढे मतदानासाठी प्रस्ताव आला, सगळ्या गावांनी मिळून एक मलनिस्सारण व्यवस्था करायची आणि तलावात थेंब सोडायचा नाही. मार्चमध्ये प्रस्ताव पडला. सप्टेंबरमध्ये पुन्हा मतदान झाले, त्यात मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात टप्प्याटप्प्याने सांडपाणी तलावापासून वळवले. त्या वेळी उन्हाळ्यात पाण्यात जेमतेम एक मीटर खाली दिसत होते. थोड्याच वर्षांत तीन मीटर आणि नंतर त्याहून जास्त दिसू लागले. तलावात काही औषध टाकले नाही, शेवाळ काढले नाही. खत बंद केले, बस्स.

त्यांना जवळ समुद्राची खाडी होती, तिकडे पाणी वळवता आले. आपल्याला ती सोय नाही. नाशिकचे पाणी कुठेही वळवले तरी ते गोदावरीच्याच खोऱ्यात राहणार. म्हणून आपल्यापुढे दोनच मार्ग दिसतात. एक, प्रक्रिया केंद्रातच फॉस्फरस काढणे. दोन, प्रक्रिया केलेले पाणी नदीत न सोडता सरळ शेतीला देणे, म्हणजे खत पिकाला लागेल. दुसरा मार्ग ऐकायला गोड आहे, पण मग तेवढे पाणी खाली येणार नाही आणि पुन्हा टीएमसीचे भांडण उभे राहील. त्यामुळे आमचा कल पहिल्याकडे आहे.

आता कायद्याचे बघू, कारण खरी मेख तिथे आहे. २०१२ साली गोदावरीच्या प्रदूषणावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि नाशिककडे लक्ष वेधले गेले. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यात महाराष्ट्राचे ५३. नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून खाली राहेडपर्यंतची गोदावरी पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात होती. पण त्या यादीचा निकष बीओडी. म्हणजे नदी कुजते आहे का हे बघितले, तलाव पोसला जातो आहे का हे बघितले नाही.

१३ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रक्रिया केंद्रांसाठी जी मानके काढली, त्यांत बीओडी होते, तरंगणारे कण होते, मैल्यातले जिवाणू होते. नत्र आणि स्फुरद नव्हते. ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने कडक मानके लागू करायला सांगितली. त्यांत बीओडी १० आणि फॉस्फरस लिटरला १ मिलिग्रॅम असा आकडा आला. ही मोठीच सुधारणा. मात्र त्या तक्त्यात फॉस्फरसच्या ओळीपुढे एक शेरा आहे. ही मर्यादा तळी आणि सरोवरे यांत पाणी सोडताना.

सोडायचे असेल तर तळ्यात! नाशिक नदीत सोडते. संगमनेर नदीत सोडते. आपले नेवासेही नदीतच सोडते. कागदावर कुणीच तळ्यात सोडत नाही. आणि या सगळ्या नद्या जिथे जाऊन थांबतात तो साडेतीनशे चौरस किलोमीटरचा तलाव मात्र कुणाच्याच हिशेबात येत नाही. आमच्या मते आपल्या भागाने धरायचा मुद्दा हाच आहे. ज्या नदीच्या वाटेवर मोठा जलाशय आहे तिच्या काठच्या शहरांना तलावाचे मानक लागू करा. उजनीच्या लोकांचेही दुखणे हेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत जाते, आणि तिकडच्या ऊसवाल्यांना हिरवे पाणी आपल्याहून जास्त ओळखीचे आहे.

पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न यात आहे. नाथसागरावर छत्रपती संभाजीनगर पिते, जालना पिते, काठची गावे पितात. संभाजीनगरची तर अशी तऱ्हा की शहराचे सांडपाणी घेऊन खाम नदी पुन्हा नाथसागराकडेच येते. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. गुरांनी असे पाणी पिऊन मरण्याची नोंद १८७८ इतकी जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका तलावाकाठी मेंढ्या-गुरे दगावली होती. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहरात चारेक लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका म्हणून सांगावे लागले. उकळू नका असेही सांगितले, कारण उकळून हे विष जात नाही. त्यामुळे पाण्यावर रंगासारखी हिरवी साय दिसली की तिथे जनावरे उतरवू नयेत. एवढे पथ्य आजपासून पाळावे.

टोलिडोची गोष्ट मात्र आपल्यालाही टोचणारी आहे. इरी सरोवराच्या काठच्या शहरांनी १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यातला फॉस्फरस खूप कमी केला होता. धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेटही त्याच दशकात अनेक राज्यांनी बंद केले. सरोवर सुधारले. नंतर ते पुन्हा बिघडले, आणि या वेळी बोट गेले ते मुख्यतः मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या शेतीकडे.

तेव्हा नाशिककडे बोट दाखवताना आपला बांधही बघावा लागेल. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनी स्फुरद घट्ट धरून ठेवतात. ते विरघळून फार जात नाही. जाते ते मातीबरोबर. सरीच्या तोंडाला मोकाट पाणी सोडले आणि शेवटी चारीला गढूळ पाणी निघाले, की ते आपले डीएपी निघाले. आडसालीला शिफारस हेक्टरी ४००:१७०:१७०. त्यातले १७० किलो स्फुरद म्हणजे डीएपीच्या सात-साडेसात गोण्या. ते निम्मे लागणीला आणि निम्मे मोठ्या बांधणीला, मातीआड. खोडव्याला पहारीने भोक घेऊन खत द्या असे आम्ही किती वर्षे सांगतो आहोत. मजूर मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण सरीत फेकलेले खत पहिल्या जोराच्या पावसाला कुठे जाते हे फुगवट्यावरच्या सभासदाला विचारा. माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले असेल तर त्या वर्षी गोणी कमी करा. शेजाऱ्याने टाकली म्हणून टाकू नका.

गाळपेर हा आणखी नाजूक विषय. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या पोटात गहू, हरभरा होतो, आणि फार चांगला होतो. का होतो? वरून आलेले सगळे खत त्याच गाळात बसलेले असते. मग तिथे आणखी डीएपी टाकण्यात काय अर्थ? पुढच्या पावसाळ्यात ती जमीन पाण्याखाली जाणार आणि खत पुन्हा तलावाच्याच पदरात. गाळपेरीला रासायनिक स्फुरद नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. उलट तो गाळ परवानगीने उचलून माळरानावर नेला, तर तलावातले स्फुरद परत शेतात येते. शासनाने २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली ती साठा वाढवण्यासाठी. तिचा हा दुसरा फायदा फारसा कुणी बोलत नाही. गाळ काढणे महत्त्वाचे यासाठीही, की तळाशी प्राणवायू संपला की गाळातले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. म्हणजे उद्या नाशिकने सगळे बंद केले तरी जुनी शिल्लक काही वर्षे त्रास देत राहणार.

कारखान्याचे सांडपाणी आणि डिस्टिलरीचा स्पेंटवॉश यांचा वास आला की सभासद आम्हाला अडवतातच, अडवावेही. प्रेसमडचे ढीग ओढ्याच्या कडेला लावू नयेत, पावसाआधी रानात पोचवावेत, हे आमच्या खात्याचे काम आहे आणि ते सभासदांनी आमच्याकडून करून घ्यावे.

येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव यावा असा आमचा विचार आहे. २०२७ चा सिंहस्थ नाशिकला आहे, त्यासाठी गोदावरीच्या शुद्धीकरणाची चर्चा मोठी आहे. जी केंद्रे नवी होतील किंवा वाढवली जातील त्यांत फॉस्फरस काढण्याची सोय असावी, बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमची अट असावी आणि त्याचे दर महिन्याचे आकडे जाहीर व्हावेत, एवढीच मागणी. एकट्या कारखान्याच्या ठरावाने काही होत नाही हे खरे. पण कालव्यावरचे आणि फुगवट्यावरचे सभासद ज्या एका कागदावर एकत्र सह्या करतील असा हा पहिलाच कागद असेल.

तोवर आपल्याकडे आकडे हवेत. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. १८६५ साली इटलीतल्या सेक्की नावाच्या शास्त्रज्ञ धर्मगुरूने वापरलेली रीत आजही जगभर चालते. सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची पांढरी थाळी घ्यावी, स्टीलची असल्यास पांढरा रंग द्यावा. मधोमध भोक पाडून दोरी ओवावी, खाली दगडाचे वजन बांधावे आणि दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारावी. होडीतून किंवा जॅकवेलच्या पुलावरून, सावलीच्या बाजूने, थाळी हळूहळू सोडावी. ती दिसेनाशी होते तिथली गाठ मोजावी, पुन्हा वर घेताना दिसू लागते तिथली मोजावी, आणि दोन्हींची सरासरी लिहावी. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. पावसाळ्यात पाणी मातीने गढूळ असते, म्हणून नोंदी नोव्हेंबर ते मे या काळातल्याच घ्याव्यात, महिन्यातून दोनदा, शक्यतो एकाच जागी. उपसा योजनेवरच्या सभासदांनी तारीख, जागा आणि गाठींचा आकडा आपापल्या गट ऑफिसच्या वहीत लिहून ठेवावा. वह्या जूनमध्ये गोळा करू.